दातातील किडा

दातदुखी हे दुखणे मोठे विलक्षण आहे. ताप यावयाचा असला म्हणजे आदल्या दिवशी अंग मोडून येते. पोट बिघडावयाचे असले म्हणजे आधी अन्नावरची वासना जाते. दाताचे दुखणे मात्र अशी वर्दी देतेच असे नाही. रात्री माणूस सुखाने जेवून निजतो आणि उत्तररात्री जबड्यात असा ठणका उठतो, की उशीवर डोके टेकवत नाही. उठून दिव्याशी आरसा धरावा, तर दात जागच्या जागी, पांढरा आणि शाबूत! दुखते कोठे हेही धड सांगता येत नाही. बोट कधी वरच्या दाढेकडे जाते, कधी खालच्या. अशा वेळी वेदनेहूनही अधिक छळते ती मनातील शंका: हे झाले तरी कशाने?

या एका प्रश्नाला माणसाने हजारो वर्षे निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास चाळला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कारण ठाऊक नसल्यामुळे माणसाने सोसले हे खरे. पण कारण सापडले असे घाईने ठरविल्यामुळे त्याने काही वेळा त्याहूनही अधिक सोसले.

या उत्तरांपैकी फार जुने उत्तर मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर कोरलेले सापडले आहे. तो दातदुखीवरचा मंत्र आहे आणि त्याचा प्रारंभ थेट विश्वाच्या उत्पत्तीपासून होतो. आकाशापासून पृथ्वी, पृथ्वीपासून नद्या, नद्यांपासून पाट, पाटांपासून चिखल आणि चिखलापासून किडा, अशी ती परंपरा. हा किडा रडत देवांपुढे गेला आणि त्याने आपला आहार मागितला. देवांनी त्याला पिकलेली फळे देऊ केली. ती त्याने नाकारली आणि माणसाच्या दातांत व हिरड्यांत राहावयास जागा मागून घेतली, अशी ती कथा आहे. मंत्राबरोबर उपचारही सांगितलेला आहे. रात्री अकस्मात उठणाऱ्या वेदनेला विश्वाच्या रचनेत स्थान देणारी ही कल्पना बाळबोध म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आपल्या दुखण्याला काही कारण आहे, एवढ्या जाणिवेनेही दुखणाइताला धीर येतो.

भारतात सुश्रुतसंहितेने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आणि त्यांपैकी आठ रोग खुद्द दातांचे मानले. थंड पदार्थ किंवा स्पर्श सोसवेनासा होतो तो दंतहर्ष. दात फुटत असल्यासारखी कळ येते तो दालन. आणि दात काळा पडतो, त्याला भोक पडते, तो हलू लागतो व असह्य दुखतो, तो कृमिदंतक. या कृमिदंतकाच्या वर्णनात एक अर्थपूर्ण शब्द आला आहे: ‘अनिमित्तरुज’. काही निमित्त नसताना ज्यात वेदना उठते, असा हा रोग. नावात कृमी असला, तरी संहिताकाराने दोष ठेवला तो वातावर. रोग्याला कारण दिसत नाही, ही गोष्ट मात्र त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली.

दातातील किड्याची समजूत रोमपासून चीनपर्यंत सर्वत्र आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा वैद्य होऊन गेला. खुरासानी ओव्याचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यावी, म्हणजे दातातील किडे बाहेर पडतात, असा उपचार त्याने लिहून ठेवला आणि तो युरोपात शतकानुशतके चालला. आपल्या दख्खनच्या खेड्यांत याच कामी भुईरिंगणीचे बी वापरीत. निखाऱ्यावर बी टाकावे, नळीने धूर दाढेपर्यंत न्यावा आणि तोंडातून गळलेल्या पाण्यात पांढरे किडे पडलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहावे! खुरासानी ओवा आणि भुईरिंगणी या दोन्ही वनस्पती वांग्याच्याच कुळातील आहेत, हा योगायोग मनोरंजक आहे. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्ये असल्यामुळे त्याच्या धुरीने वेदना काही काळ बोथट होत असली पाहिजे. म्हणजे मिळणारा आराम खरा असू शकतो आणि त्याचे दिलेले कारण खोटे असू शकते. ही गोष्ट या इतिहासात पुनःपुन्हा भेटते.

जेथे धुरी चालेना तेथे प्रार्थना होती. इसवी सन 249 मध्ये अलेक्झांड्रिया शहरात ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली. त्या दंगलीत अपोलोनिया नावाच्या एका वृद्ध कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले आणि अखेरीस तिचा अग्नीत अंत झाला. तेथील बिशप डायोनिसिअस याच्या पत्रात ही हकिकत आली असून इतिहासकार युसेबिअसने ती जतन केली आहे. पुढे दातदुखीने गांजलेले लोक संत अपोलोनियेचा धावा करू लागले. 9 फेब्रुवारी हा तिचा स्मरणदिन. चित्रांत तिच्या हाती चिमटा आणि त्यात धरलेला दात दाखवितात. ज्या काळी दात काढणे हे न्हाव्याचे वा जत्रेतील फिरस्त्याचे काम होते आणि भूल ही वस्तूच नव्हती, त्या काळी जिने हेच दुःख सोसले तिची आठवण दुखणाइताला आधार देत असे. त्या श्रद्धेने किड्याविषयी कसलाच दावा केला नाही; तिने सोबत दिली, आणि तेवढ्यापुरते ते पुष्कळ होते.

किड्याच्या समजुतीला धक्का बसला तो प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसांकडून. डेल्फ्ट या डच शहरात अंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी स्वतः घासलेल्या भिंगांतून जग न्याहाळीत असे. 1683 मध्ये त्याने आपल्याच दातांवरचा पांढरा मळ काढून भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना त्याला दिसले. ते त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. पुढे 1700 च्या सुमारास धुरीने दातातून काढलेले म्हणून काही किडे त्याच्याकडे तपासणीस आले. चिजमध्ये पडणाऱ्या अळ्यांहून ते निराळे नाहीत, असा निर्वाळा त्याने दिला. 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपणांस किडा आढळला नाही, असे त्याने नमूद केले आणि गोड पदार्थ दातांना अपायकारक असल्याचेही बजावले. अखेरचा घाव जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब ख्रिस्तिआन शेफर या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने घातला. 1757 मध्ये त्याने एक पुस्तिका लिहून दाखवून दिले, की धुरीनंतर पडणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या खुरासानी ओव्याच्या बियांतील पांढरे अंकुर होत! शेकडो वर्षे लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते. पाहिलेल्या वस्तूला दिलेले नाव तेवढे चुकले होते.

मग दात किडतो कशाने? बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने 1890 च्या सुमारास याचा उलगडा केला. तोंडातील सूक्ष्म जीव साखर व पिठूळ अन्न आंबवितात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील क्षार विरघळविते. दोनशे वर्षांपूर्वी लेव्हेनहूकला दिसलेल्या जीवसृष्टीचा दाताच्या किडीशी असलेला संबंध असा उलगडला. मराठी माणूस आजही ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतो. बाबिलोनचा किडा दातातून गेला, भाषेत मात्र राहिला.

वेदना अकस्मात का उठते, याचेही उत्तर आता मिळते. दाताच्या पोटात नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो आणि त्याच्या भोवती चहूकडून कठीण भिंती असतात. शरीरात अन्यत्र दाह झाला म्हणजे सूज पसरावयास जागा मिळते. येथे ती मिळत नाही. आतल्या आत दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. कीड दोन दातांच्या फटीत किंवा जुन्या भरणाखाली लपलेली असली, अथवा दाढेला केसाएवढी चीर गेली असली, तर आरशात काहीच दिसत नाही. याहून फसवी गोष्ट पुढे आहे. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस लवंगेच्या तेलाला दुवा देत कामाला लागतो. वास्तविक पुष्कळदा तो गर मेलेला असतो; वेदना सांगणारा उरला नाही म्हणून शांतता असते आणि मुळाशी पू साठत जातो. लवंगेच्या तेलात वेदना बधिर करण्याचा गुण खरोखरच आहे, पण ते कीड काढीत नाही.

पूर्वीच्या काळचे सर्वांत करुण प्रकरण याहून निराळे आहे. चेहऱ्यातील संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे. वरचे व खालचे दात, गाल, कपाळाचा भाग, सर्वांची वार्ता तीच नेते. त्यामुळे वार्ता कोठून आली याविषयी मेंदूची फसगत होते. खालच्या दाढेची कळ कानात जाणवते. नाकाशेजारच्या पोकळीला आलेली सूज वरच्या दाढांत ठणकते. क्वचित हृदयविकाराची वेदनाही जबड्यातच प्रथम प्रकट होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसा हा प्रकार. कधी ती नसच विकृत होते. मग दात घासताना, बोलताना, वाऱ्याची झुळूक लागताच विजेसारखी कळ चेहऱ्यातून जाते. लंडनचा वैद्य जॉन फॉदरगिल याने 1773 मध्ये या विकाराचे स्वतंत्र व स्पष्ट वर्णन केले. त्यापूर्वी, आणि दुर्दैवाने त्यानंतरही, असे रोगी एकामागून एक निरोगी दात काढून घेत राहिले. दात गेले, वेदना राहिली. 1962 मध्ये कार्बामाझेपीन या औषधाचा गुण प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे अशा अनेकांना आराम पडू लागला.

वेदनारहित दंतोपचार ही तर तुलनेने अलीकडची देणगी. हार्टफर्ड या अमेरिकन शहरातील दंतवैद्य होरेस वेल्स याने 11 डिसेंबर 1844 रोजी नायट्रस ऑक्साईड वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. 1846 मध्ये बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध केली. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि हिरडीआड दडलेली मुळे दिसू लागली.

परंतु साधने वाढली म्हणून घाई कमी झाली, असे झाले नाही. 1910 मध्ये विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियल येथे व्याख्यान देऊन दूषित दात हे अनेक व्याधींचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. त्या विचारात तथ्यांश होता. पण अनुयायांनी त्याचे व्रत केले. सांधे दुखतात, दात काढा. पोट बिघडते, दात काढा. पुढील दोन-तीन दशकांत इंग्लंड-अमेरिकेत असंख्य लोकांचे चांगले दात या मतापायी गेले. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने वेडाचे कारणही दातांतच शोधले. रुग्णांचे दात काढले, तेवढ्याने भागेना तेव्हा पोटातील इंद्रियांवर शस्त्रे चालविली आणि त्यात अनेक रुग्ण दगावले. आपल्या मुलांचेही दात त्याने काढविले. पूर्वी दातातील वेदनेचा दोष किड्यावर घालीत असत. आता साऱ्या शरीराचा दोष दातावर आला. चुकीची जात एकच होती.

भारतात या विद्येची पद्धतशीर पायाभरणी डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी केली. अमेरिकेतून शिकून आल्यावर त्यांनी 1920 मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. मुंबईत 1933 मध्ये नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय निघाले. 1948 मध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. इंदूरला 1961 मध्ये आणि गोव्यात 1980 मध्ये सरकारी दंतमहाविद्यालये आली. जत्रेतील चिमट्यापासून येथवरचा हा प्रवास थोडा नव्हे.

तरीही मध्यरात्री ठणका उठला म्हणजे माणूस आजही त्याच जुन्या ठिकाणी उभा असतो: दात शाबूत, कारण अदृश्य, मन भयभीत. अशा वेळी मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. वेदनाशामक गोळी घेतली तर ती गिळावी, हिरडीवर ठेवू नये, कारण ॲस्पिरिनसारख्या गोळीने हिरडी भाजते. चेहरा सुजला, ताप आला, गिळताना वा श्वास घेताना अडचण वाटली, अथवा जबड्याच्या कळेबरोबर छाती दाटली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवी दुसऱ्या दिवशी, ठणका थांबला असला तरीही, दंतवैद्याकडे जावे. आणि दंतवैद्याने तपासून ‘कारण अजून निश्चित दिसत नाही, थोडे थांबून पुन्हा पाहू’ असे सांगितले, तर त्याला अज्ञानी समजू नये. दात उपटून मोकळा होणारा वैद्य आणि तो उपटण्याचा हट्ट धरणारा रोगी, या दोघांपेक्षा असे सांगणाऱ्याने या चार हजार वर्षांच्या इतिहासापासून अधिक धडा घेतलेला असतो.