उद्यानांचे अनुदान आणि त्याची अट

सरकारी अनुदानांचा इतिहास रकमांवरून नव्हे, तर अटींवरून वाचावा, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत १९६४ साली भूमी व जलसंवर्धन निधीचा कायदा झाला. उद्याने व क्रीडांगणे यांच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भार मध्यवर्ती सरकारने राज्यांमार्फत उचलावा, उरलेला स्थानिकांनी सोसावा, अशी ही योजना. १९६८ साली समुद्रातील तेलाच्या उत्पन्नाचीही तीत भर पडली. परंतु तिचे खरे बळ एका कलमात आहे : अनुदानित जागा अन्य कामी लावावयाची झाल्यास वॉशिंग्टनची संमती घेऊन तितक्याच मोलाची व उपयोगाची दुसरी जागा द्यावी लागते. देखभाल मात्र नगराच्याच माथी राहिली. दप्तरांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींनी हे ध्यानी ठेवावे. रक्कम खर्ची पडून संपते. नेमकी लिहिलेली अट मुलांचे मैदान पिढ्यान्‌पिढ्या राखते.