स्वतःचंच राज्य दान घेतलेला राजा

मागच्या हिवाळ्यात एका रात्री आमची सिस्टिम बंद पडली आणि आम्ही दोघं कॉलवर लॉग वाचत बसलो होतो. मी पुण्यात, तो रिगामध्ये. सर्व्हर परत उभा राहीपर्यंत हातात काही काम नव्हतं, म्हणून मी त्याला त्याचं गाव विचारलं. तो म्हणाला, "लिवानी. तिथून जवळच नदीकाठी एक टेकडी आहे, येर्सिका नावाची. आठशे वर्षांपूर्वी तिथं आमचा एक राजा होता." मग थोडं थांबून म्हणाला, "त्याच्याबद्दल जे काही लिहिलेलं आहे ना, ते जवळजवळ सगळं त्याचं शहर जाळणाऱ्यांनी लिहिलंय."

सर्व्हर वीस मिनिटांत उभा राहिला. मी मात्र पुढचे दोन महिने येर्सिकाबद्दल मिळेल ते वाचत होतो.

आधी नकाशा. आजच्या लात्व्हियातून डाउगावा नावाची मोठी नदी वाहते आणि रिगाजवळ बाल्टिक समुद्राला मिळते. वरच्या अंगाला, आजच्या बेलारूसमध्ये, पोलोत्स्क हे रशियन राजपुत्रांचं शहर. नदीच्या दक्षिणेला लिथुआनियन टोळ्या. त्या अजून ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आणि 1201 मध्ये नदीच्या मुखाशी जर्मन बिशप आल्बर्टने रिगा शहर वसवलं, वर्षभरात 'तलवारीचे बंधू' नावाची लढवय्या साधूंची फौजही उभी राहिली. या तिघांच्या मधोमध, नदीच्या उजव्या तीरावर येर्सिका. राज्य छोटं, पण नदीवरून पोलोत्स्कला जाणारा प्रत्येक व्यापारी त्याच्या दारावरून जाणार. दोन मोठ्या कंपन्यांच्या मध्ये एखादं छोटं दुकान मोक्याच्या कोपऱ्यावर असावं, तसं काहीसं.

राजाचं नाव लात्व्हियन लोक विस्वाल्डिस लिहितात, रशियन व्सेवोलोद आणि लॅटिन कागदपत्रं आणखीनच तिसरं काहीतरी. तो रशियन घराण्यातला की स्थानिक लाटगालियन, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. त्याच्या शहरात चर्च होती, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथाची. आणि बायको होती लिथुआनियन सरदार डाउगेरुटिसची मुलगी. म्हणजे धर्म पूर्वेचा, सोयरीक दक्षिणेची आणि शेजार पश्चिमेचा. सीमेवर राहणाऱ्या माणसाला असंच जगावं लागतं. सासरे बलाढ्य असतील तर रात्री शांत झोप लागते.

ही सोयरीकच त्याच्या अंगाशी आली. हा सगळा काळ आपल्याला सांगतो तो लिव्होनियाचा हेन्री. हा बिशपच्या बाजूचा पाद्री. त्याने 1220 च्या दशकात लॅटिनमध्ये बखर लिहिली. त्याच्या मते विस्वाल्डिस लिथुआनियनांना नदी ओलांडायला मदत करायचा, आणि ते येऊन ख्रिस्ती वस्त्या लुटायचे. आरोप खरा असेलही. पण नदीच्या खालच्या अंगाला असलेलं कोकनेसे आदल्याच वर्षी, म्हणजे 1208 मध्ये, जर्मनांकडे गेलं होतं. तिथल्या राजाने स्वतःच आपला किल्ला पेटवला आणि तो रशियाकडे पळाला. रिगाहून वर सरकणाऱ्याच्या वाटेत आता पुढचा नंबर येर्सिकाचाच होता. म्हणून माझं मत असं की, कारण नसतं तर कारण शोधलं गेलं असतं.

1209 च्या शरद ऋतूत आल्बर्टची फौज कोकनेसेहून निघाली. येर्सिकाचे लोक दरवाजाबाहेर लढायला आले, मागे हटले, आणि त्यांच्या पाठोपाठ शत्रूही आत शिरला. राजा नावेत बसून नदीपलीकडे निसटला. राणी आणि तिच्या बायका पकडल्या गेल्या. हेन्री लिहितो की, शहरातले लोकही ख्रिस्तीच असल्यामुळे फार कत्तल केली नाही. त्याच प्रसंगात तो लुटीची यादीही देतो : कपडे, चांदी, गुरं आणि चर्चमधल्या घंटा व धर्मचित्रं. दुसऱ्या दिवशी शहर पेटवून दिलं.

पलीकडच्या तीरावर विस्वाल्डिस उभा राहून ते जळणं बघत होता. हेन्री इथे त्याच्या तोंडी एक लांबलचक विलाप घालतो : वाडवडिलांचं शहर, जळणारं घर, हाल झालेली माणसं. मी हा भाग तीनदा वाचला. शत्रूने लिहिलेलं आहे, कदाचित धर्मग्रंथातल्या विलापांच्या साच्यात बसवलेलं आहे. नदी रुंद, पलीकडचा माणूस काय बोलला हे हेन्रीला कुठून ऐकू येणार? तरी विस्वाल्डिसचा म्हणून जो काही आवाज आपल्यापर्यंत पोचलाय, तो हाच. एका सर्व्हरची डिस्क जळून गेली आणि तो काय म्हणत होता हे फक्त दुसऱ्याच्या लॉगमध्ये उरलं, अशी ही गत.

राणीला तर तेवढंही नाही. हेन्री तिच्या बापाचं नाव देतो, नवऱ्याचं देतो, तिचं देत नाही.

मग तह झाला. राजा रिगाला आला, त्याने लिथुआनियनांशी संबंध तोडायचं कबूल केलं, आणि राणीसकट कैदी परत मिळाले. त्या प्रसंगाची सनदही झाली. तिची रचना बघण्यासारखी आहे : राजा आपलं वडिलोपार्जित राज्य रिगाच्या सेंट मेरीच्या चर्चला अर्पण करतो, आणि बिशप तेच राज्य तीन झेंड्यांसह त्याला जहागीर म्हणून परत देतो. एक पैसा इकडून तिकडे गेला नाही, माणूस तोच, टेकडी तीच. पण सकाळी जो मालक होता तो संध्याकाळी मांडलिक झाला. शिवाय सगळं परत मिळालंच नाही. आउतिने, त्सेस्वाइने अशी जी ठाणी रिगाकडून धर्म घेऊन बसली होती, ती बिशपकडेच राहिली. सनद वाचून वाटतं, राजा खुशीने आला होता. बायको समोरच्याच्या कैदेत असताना माणूस कशावरही सही करेल.

गंमत अशी की, तो खरोखर राजा होता याचा एक उत्तम पुरावा हीच सनद. त्याला मांडलिक करणाऱ्यांनीच त्यात त्याला राजा म्हटलंय. जिंकलेला माणूस मोठा असेल तरच जिंकणं मोठं दिसतं ना.

तीन झेंड्यांनी त्याचं रक्षण मात्र केलं नाही. 1212 मध्ये बिशप आणि पोलोत्स्कचा राजपुत्र व्लादिमीर बोलणी करायला भेटले ते येर्सिकातच, आणि व्लादिमीरने लिव्ह लोकांकडून मिळणाऱ्या खंडणीवरचा हक्क सोडला. म्हणजे पूर्वेचा आधारही सैल झाला. पुढच्या वर्षी सासरे डाउगेरुटिस तलवारीच्या बंधूंच्या हाती लागले आणि कैदेत त्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर कोकनेसेच्या जर्मन सरदारांनी येर्सिका पुन्हा लुटलं, मांडलिक असूनही. विस्वाल्डिसने तेव्हा कोणाला हाक मारली असेल? लिथुआनियनांनाच.

त्याच्यानंतर ती जमीन बिशप आणि लढवय्या साधूंच्या संघटनेत वाटली गेली. 1275 मध्ये संघटनेने नदीच्या वरच्या अंगाला नवा किल्ला बांधला. तेच पुढे डाउगाव्हपिल्स शहर झालं. येर्सिकाची टेकडी गवताखाली गेली.

1939 मध्ये फ्रान्सिस बालोडिस या पुरातत्त्वज्ञाने ती खणली. तेव्हा लात्व्हिया स्वतंत्र होऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती आणि देशाला स्वतःचे राजे हवे होते. पुढच्याच वर्षी सोव्हिएत सैन्य आलं आणि देश नकाशावरून गेला. बालोडिसला स्वीडन गाठावं लागलं.

मार्चमध्ये सहकाऱ्याने मला टेकडीचा फोटो पाठवला. वितळता बर्फ, खाली करडी नदी, पलीकडे झाडांची रेघ. मी विचारलं, राजा कुठे उभा होता? त्याने फोटोवर लाल गोल करून परत पाठवला, पलीकडच्या झाडांपाशी. खाली लिहिलं होतं, "अंदाजे."