मॅगव्हीलमधला ‘मॅग’ आला कुठून? चाकांची शंभर वर्षांची गोष्ट

आजची सुरुवात एका व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपासून करतो.

माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. मागच्या महिन्यात त्याने एक जुनी गाडी घेतली. दोन सीटची, छप्पर उघडणारी, १९९० च्या आसपासची माझदा एमएक्स-५. जपानमध्ये हीच गाडी युनोस रोडस्टर नावाने विकली जायची, आणि न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या अशा जुन्या गाड्या पुष्कळ दिसतात. गाडी घेऊन आठ दिवस झाले नाहीत तोच रात्री फोटो आला. काळी चकचकीत १७ इंची चाकं. खाली लिहिलेलं, “दादा, कशी दिसतात? उद्या पैसे भरतोय.”

मी लिहिलं, “भारी दिसतात. पण उद्या भरू नकोस.”

तो चिडला. साहजिक आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली स्पोर्ट्स कार, आणि दादा म्हणतो थांब. पण मी एकदा असेच पैसे भरून बसलोय, म्हणून म्हटलं. ते पुढे सांगतो. आधी इतिहास, कारण चाक कसं निवडायचं याचं उत्तर इतिहासातच आहे.

लियॉं, ऑगस्ट १९२४

तारीख ३ ऑगस्ट १९२४. फ्रान्समधल्या लियॉं शहराजवळ ग्रां प्री शर्यत. एत्तोरे बुगाटी आपली नवी गाडी घेऊन आला होता, टाइप ३५. त्या काळी रेसच्या गाड्यांना बहुतेक तारांची चाकं असायची, आपल्या सायकलसारखी. बुगाटीने मात्र ॲल्युमिनियमची ओतीव चाकं लावली होती. आठ चपट्या पट्ट्या, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला.

हे दिसायला सुंदर होतंच, पण त्यामागे हिशोब होता. ॲल्युमिनियम उष्णता पटकन बाहेर टाकतं, म्हणजे ब्रेक थंड राहायला मदत. आणि चाक काढलं की ड्रमही निघून येणार, म्हणजे ब्रेक शू किती झिजलेत ते तिथल्या तिथे दिसणार. शर्यतीत हे सोन्यासारखं.

आणि निकाल? अल्फा रोमिओ पी२ घेऊन आलेला ज्युसेप्पे कॅम्पारी जिंकला. बुगाटीच्या गाड्यांमधली सगळ्यात पुढची गाडी सातवी आली. का? टायर. या गाड्यांसाठी खास बनवलेल्या टायरांचं रबर नीट भट्टीतून निघालं नव्हतं. पळता पळता टायरचा वरचा थर सुटून यायला लागला. चाकं शाबूत, टायरच्या चिंध्या.

पुढे याच टाइप ३५ च्या घराण्याने हजाराहून जास्त शर्यती जिंकल्या. पण पहिल्या दिवसाचा धडा लक्षात ठेवा. रस्त्याला चाक टेकत नाही, टायर टेकतो. तेही किती? प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. तुमची गाडी कितीही लाखांची असू दे, ती चार तळहातांवर उभी असते.

‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम

आता शीर्षकातला प्रश्न. आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून शोरूमपर्यंत सगळे ‘मॅगव्हील’ म्हणतात. बाईकलाही मॅगव्हील, कारलाही मॅगव्हील. हा ‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड नावाच्या माणसाने रेसच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं बनवली आणि इंडियानापोलिसच्या शर्यतीत ती गाजली. मॅग्नेशियमच का? वजन बघा. एक लिटरच्या डब्यात मावेल एवढं स्टील जवळजवळ ७.८ किलो भरतं, ॲल्युमिनियम २.७ किलो आणि मॅग्नेशियम फक्त १.७ किलोच्या आसपास.

पण मॅग्नेशियमचे नखरे फार. ओल आणि मीठ लागलं की ते लवकर गंजतं, सतत काळजी घ्यावी लागते. म्हणून रोजच्या गाड्यांसाठी त्याच आकाराची चाकं ॲल्युमिनियमची यायला लागली. धातू बदलला, नाव तेच राहिलं. आज तुमच्या बाईकला जे मॅगव्हील आहे ना, त्यात बहुतेक ॲल्युमिनियमच असतं.

इकडे इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? १९५९ साली ॲलेक इसिगोनिसची मिनी आली. चाक फक्त १० इंचाचं! त्या इवल्या चाकाच्या आत ब्रेक बसवायचे, आणि गाडी रॅलीत पळवायची. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लो रॅली जिंकली. त्या दशकात मिनिलाईट नावाचं आठ पट्ट्यांचं मॅग्नेशियमचं चाक आलं. हलकं, मजबूत, आणि पट्ट्यांच्या फटींतून ब्रेकला वारा मिळणार. चाक १० इंचाचंच ठेवून माणसं जिंकत होती, हे विसरू नका.

दप्तर आणि बूट

वजनाचा एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटेल. सोपं उदाहरण देतो. एक किलो दप्तरात घालून पळा. मग तेच एक किलो बुटात घालून पळा. कळला फरक?

गाडीचं बहुतेक वजन स्प्रिंगच्या वर असतं. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली. खड्डा आला की हे खालचं वजन उसळतं, आणि ते जितकं जड तितका टायर रस्ता सोडून हवेत जास्त राहतो. त्यात चाक फिरतंही. कडेला असलेलं एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यायचं आणि गोलही फिरवायचं.

हे ओळखून जर्मनीत १९६६ साली पोर्शेने ९११ एस मॉडेलला ओट्टो फुक्स कंपनीची चाकं दिली. पाच पाकळ्यांचं ते फूल तुम्ही नक्की पाहिलं असेल. ही चाकं ओतीव नव्हती, घडीव होती. साच्यात वितळलेला धातू ओतला की ओतीव. गरम धातू प्रचंड दाबाखाली आकाराला आणला की घडीव. लोहाराच्या विळ्यासारखं. घडीव धातूची ताकद जास्त, म्हणून कमी धातूत काम भागतं. आणि त्या पहिल्या फुक्स चाकाचं माप किती? १५ इंच व्यास, रुंदी फक्त साडेचार इंच! आजच्या कितीतरी हॅचबॅकपेक्षा अरुंद.

पुढे १९९६ साली जपानच्या रेज कंपनीने टीई३७ नावाचं चाक काढलं. गाड्यांच्या गेममध्ये तुम्ही ते हजार वेळा लावलं असेल. त्यातले ‘३७’ म्हणजे काय माहितीये? १५ इंच व्यासाच्या, ६ इंच रुंद चाकाचं वजन, ३.७ किलो. त्या मापाचं साधं स्टीलचं चाक साधारण दुप्पट भरतं. आपण दिसण्यावर जीव टाकतो, आणि बनवणाऱ्याने नाव ठेवलंय वजनावरून.

मग मोठी चाकं आली कुठून?

तीही गरजेतूनच. १९७० च्या दशकात इंजिनांची ताकद वाढली, ती रस्त्यावर उतरवायला रुंद टायर लागले. १९७३ च्या पोर्शे कॅरेरा आरएस २.७ ला पुढे १८५ आणि मागे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. मग पिरेलीचा पी७ आला, बुटक्या भिंतीचा. लॅन्सिया स्ट्रॅटॉससारख्या रॅलीच्या गाडीवर आणि पोर्शे ९११ टर्बोवर तो गाजला. टायरची भिंत बुटकी असली की वळणावर ती कमी लवते, स्टिअरिंगला लगेच जबाब मिळतो. पुढे ब्रेकच्या डिस्क मोठ्या झाल्या, त्या मावायला चाकही मोठं करावं लागलं.

म्हणजे आधी ताकद, मग टायर, मग ब्रेक, आणि शेवटी मोठं चाक. आपण काय केलं? शेवटचं पान आधी वाचलं. इंजिन तेच, ब्रेक तेच, आणि चाक १७ इंची. आत ती छोटीशी डिस्क मोठ्या ताटातल्या एकट्या वाटीसारखी दिसते.

मीही हेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि १५ इंची चाकं काढून १७ इंची लावली. नामांकित डिझाइनची नक्कल, दुकानात रांगेत पंधरा जोड्या, मी रंग बघून निवडली. जुनं आणि नवं चाक एकेका हातात उचलून बघितलं असतं तरी कळलं असतं. तेवढंही केलं नाही.

पावसाळ्यात रात्री कसारा घाट चढत होतो. आई मागे बसलेली. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला, स्टिअरिंग ओढायला लागलं, गाडी कशीबशी कडेला घेतली. शेजारून ट्रक जातायत, मी पावसात स्टेपनी बदलतोय आणि आई मोबाईलचा टॉर्च धरून उभी आहे. ती एक शब्द बोलली नाही. त्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे टायरमधून नाही, चाकाच्या धातूतून येत होते. म्हणाला, “टायरला काय नाय झालं साहेब, डिस्क फुटलीय.” आतल्या बाजूला बघितलं तर वजन पेलण्याचा आकडा नाही, तपासणीचा शिक्का नाही, काहीच नाही.

मग भावाला काय सांगितलं?

आधी टायरचं गणित. त्याच्या गाडीचं मूळ माप १८५/६० आर १४. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि आतलं चाक १४ इंची. ‘आर’ म्हणजे रेडियल, ज्याचं पेटंट मिशेलिनने १९४६ साली घेतलं. भिंत झाली १११ मिलिमीटर. वरची आणि खालची धरून २२२, त्यात १४ इंचाचे जवळजवळ ३५६. एकूण उंची ५७८.

आता १९५/५० आर १५ करून बघा. साडेसत्त्याण्णव दुणे १९५, अधिक ३८१, म्हणजे ५७६. फरक दोन मिलिमीटरचा. मस्त बसतंय. आणि त्याला दाखवलेला टायर होता २०५/४० आर १७. तो येतो ५९६ वर, तीन टक्के उंच. म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०३ वर, पिकअप तेवढा मंद, आणि भिंत १११ वरून ८२ मिलिमीटरवर. खड्ड्याचा दणका मग टायर कमी आणि धातू जास्त खाणार.

दुसरं, बसण्याची मापं. त्या गाडीला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर मापाची रिंग घालायची, नाहीतर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरू शकतं. शिवाय ऑफसेट, म्हणजे चाक आत किती बसतं आणि बाहेर किती येतं ते. त्याच्या गाडीचा मूळ ऑफसेट ४५. त्यापासून फार दूर गेलं की टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो.

तिसरं, शिक्का. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल ही खूण असते. चौथं, वजन. दुकानदाराला किलो विचार. सांगता येत नसेल तर काटा मागव. रंग सगळ्यात शेवटी.

आपल्या इथल्या मंडळींसाठी अजून एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरबदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. त्यामुळे कंपनीने तुमच्याच मॉडेलला जी मापं दिली आहेत, त्यांच्या आत राहा. आणि विमा कंपनीला आधी सांगून ठेवा.

भावाने शेवटी १५ इंची घेतली. मिनिलाईटसारखी, आठ पट्ट्यांची. उरलेल्या पैशात चांगले टायर. परवा व्हॉइस नोट आली, “दादा, फोटोत आधीसारखी भारी नाही दिसत, पण वळणावर गाडी वेगळीच वाटते रे!”

आता एक काम करा. हा भाग संपला की खाली जाऊन तुमच्या गाडीच्या किंवा बाईकच्या टायरची भिंत वाचा. डीओटी अक्षरांपुढच्या ओळीच्या शेवटी चार आकडे सापडतील. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. फारच जुना निघाला, तर नवीन चाकांचे पैसे आधी तिथे घाला.

भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा.