ब्राउझर स्लो झालाय? हिस्टरी पुसण्याआधी हे तपासा

जुन्या पनवेलमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीचा रात्री नऊच्या सुमारास फोन आला. मावसबहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि घरच्या कॉम्प्युटरवर ते पान काही केल्या उघडत नव्हतं.

"क्रोम पार मेलंय," मावशी म्हणाली. "स्क्रीनवर एक नंबर आलाय. त्यावर फोन लावू का?"

कसला नंबर? तर उजव्या कोपऱ्यात लाल खुणेची चौकट येत होती. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब संपर्क करा, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं. मी म्हटलं, कशालाच हात लावू नकोस, आलेच. खांदा कॉलनीतून स्कूटर काढली.

ब्राउझर स्लो झाला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: हिस्टरी, कॅशे, कुकीज सगळं पुसून टाकायचं. मावशीच्या शेजारच्या मुलाने संध्याकाळी तेच केलं होतं. फरक शून्य. उलट अर्धवट भरलेल्या अर्जाचं लॉगिन गेलं ते गेलंच.

दोष नक्की कुणाचा?

ब्राउझर अडकला म्हणजे ब्राउझरच बिघडला असं नसतं. इंटरनेट मंद असेल, समोरच्या वेबसाइटचा सर्व्हर दमला असेल किंवा तुमचं मशीनच कमी पडत असेल. तिन्ही वेळा स्क्रीनवर दिसतं तेच, गोल गोल फिरणारं चक्र.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. तीच वेबसाइट त्याच वायफायवर मोबाइलमध्ये उघडून बघा. पटकन उघडली तर नेट ठीक आहे, गडबड कॉम्प्युटरमध्ये आहे. मोबाइलवरही अडकली तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. आता उघडली तर घरच्या नेटचा प्रश्न आहे. दोन्हीकडे अडकते, पण बाकीच्या साइट धडाधड उघडतात, तर दोष त्या साइटचा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे हमखास होतं. अशा वेळी कॉम्प्युटरशी झटापट करण्यात अर्थ नाही, पहाटे उठून अर्ज भरावा.

नेटबद्दल थोडक्यात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला १०० एमबीची फाइल येत नाही. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट्स, त्याला ८ ने भागलं की मेगाबाइट्स मिळतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. दुसरं म्हणजे बिल्डिंगमध्ये राहत असाल तर वायफायची यादी उघडून बघा. आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६ आणि ११), त्यात ही सगळी गर्दी. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल आणि कॉम्प्युटरला चालत असेल तर ते नेटवर्क निवडा. नाहीतर सरळ केबल जोडा.

मावशीच्या मोबाइलवर तेच पान तीन सेकंदांत उघडलं. म्हणजे घोळ मशीनमध्येच होता.

इन्कॉग्निटो विंडो: सगळ्यात स्वस्त तपासणी

क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबा. काळी इन्कॉग्निटो विंडो उघडेल (एजमध्ये तिला इनप्रायव्हेट म्हणतात). लोकांना ती लपूनछपून काही बघण्यासाठी असते असं वाटतं, पण तिचा दुसरा उपयोग फार मोलाचा आहे. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिच्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत. त्यामुळे साध्या विंडोत रखडणारं पान इथे सुरळीत चाललं, तर संशय थेट एक्स्टेन्शनवर जातो.

घाई असेल तर अर्ज या विंडोतच भरून टाका. पावतीची पीडीएफ डाउनलोड केलीत तर विंडो बंद केल्यावरही ती फाइल राहते. दुरुस्ती नंतर करता येते.

मावशीकडे सात एक्स्टेन्शन निघाले. मराठी टायपिंगचं एक, पीडीएफची वर्डफाइल करणारी दोन, स्क्रीनशॉटचं एक, कूपन शोधणारं एक आणि दोन कुणी टाकली हे कुणालाच आठवेना. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम. त्यातल्या कित्येकांना तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचायची आणि बदलायची परवानगी असते. म्हणजे एक पान उघडलं की सात जण त्यात डोकावणार, बँकेचं पान असलं तरी! क्रोमच्या मेन्यूतून एक्स्टेन्शनच्या यादीत जा आणि सगळी एकदम बंद करा. मग लागेल तसं एकेक चालू करा. ज्याच्यानंतर वेग पडेल ते काढून टाका. आम्ही एकच ठेवलं, टायपिंगचं.

तो व्हायरसचा इशारा कुठून आला?

तो व्हायरस नव्हताच. कधीतरी मालिका फुकट बघण्यासाठी उघडलेल्या एका साइटने नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलं होतं आणि पुढे जायच्या घाईत कुणीतरी अलाउ दाबलं होतं. तेव्हापासून ती साइट ब्राउझरमार्फत चौकटी पाठवत होती. विंडोजच्या स्वतःच्या सूचनाही त्याच कोपऱ्यात येतात, म्हणून खऱ्या वाटतात. नीट पाहिलंत तर अशा चौकटीत ब्राउझरचं आणि साइटचं नाव बारीक अक्षरात असतं.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजा फसवणूक. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, कॉम्प्युटरचा ताबा घेतो आणि मग दुरुस्तीच्या पैशांच्या निमित्ताने बँकेचं खातं उघडायला लावतो. मावशीच्या कॉम्प्युटरवर तेव्हा तिच्या बँकेचं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडंच होतं. कुणाच्या बाबतीत पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

चौकटी बंद करायला क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. मावशीकडे अकरा होत्या. सगळ्या उडवल्या.

चार जीबीत भागत का नाही?

आता मशीनची कुंडली. २०१६ चा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. क्रोममध्ये २३ टॅब उघडे.

गुगलने २००८ मध्ये क्रोम आणलं तेव्हा टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची पद्धत घेतली. एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहावीत हा हेतू. फायदा मोठा होता, पण रॅम जास्त लागू लागली. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर क्रोमने एकेका साइटला आणखी काटेकोरपणे वेगळं केलं. त्यासाठी १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल असं खुद्द गुगलनेच सांगितलं होतं. थोडक्यात, सुरक्षेची किंमत रॅममध्ये मोजली जाते.

रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा समजा. ओटा भरला की विंडोज काही डबे माळ्यावर, म्हणजे हार्ड डिस्कवर ठेवतं. मग टॅब बदलला की स्टूल घेऊन माळ्यावर चढायचं, डबा काढायचा, दुसरा वर ठेवायचा. क्लिक केल्यावर पान गोठतं ते याच वेळी.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसली तर हाच आजार. कोणता टॅब किती खातोय ते क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून कळतं. मावशीकडे पहिला नंबर होता दोन दिवसांपासून थांबवून ठेवलेल्या व्हिडिओचा.

नको ते टॅब बंद करणं हा पहिला इलाज. दुसरा, सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्स विभागात मेमरी सेव्हर चालू करणं. बराच वेळ न पाहिलेला टॅब तो झोपवतो, पुन्हा उघडलात की पान नव्याने लोड होतं. म्हणून अर्धवट अर्जाचा टॅब सोडून दुसरीकडे जाऊ नका, आधी ड्राफ्ट सेव्ह करा. त्या साइटचं नाव कायम चालू ठेवायच्या यादीतही टाकता येतं.

खरा फरक पडतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. रॅम ४ वरून ८ जीबी केली तर आणखी चांगलं. दुकानात गेलात तर नवीन कॉम्प्युटरच घ्या असं ऐकायला मिळतं. मावशीलाही मिळालं होतं. आधी एसएसडीचा भाव विचारा, नव्या मशीनच्या मानाने तो अगदीच थोडा असतो.

एक अपवाद मात्र आहे. एमएस-सीआयटीच्या काळात घेतलेले, विंडोज ७ वर चालणारे कॉम्प्युटर अजून कित्येक घरांत आहेत. जानेवारी २०२३ मधली क्रोमची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ आणि ८.१ साठी शेवटची. त्यानंतर तिथे क्रोम पुढे सरकलेलंच नाही. नव्या साइट त्यावर अडखळतात आणि सुरक्षेची भोकं उघडी राहतात. अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वर्षभराची जादा सोय ठेवली आहे, पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते.

मग कॅशे पुसायचाच नाही का?

एखादी ठरावीक साइट मोडकीतोडकी दिसत असेल, जुनंच पान दाखवत असेल, तर पुसा. एरवी कॅशे वेग वाढवण्यासाठीच असतो. साइटची चित्रं आणि फाइली त्यात साठवलेल्या असतात, त्या पुसल्या की पुन्हा डाउनलोड होणार. पुसताना फक्त कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स एवढ्यावरच खूण ठेवा. कुकीजवर खूण राहिली तर सगळीकडून लॉगआउट व्हाल. पासवर्डवर राहिली तर साठवलेले पासवर्डही जातील, आणि ते वहीत लिहून ठेवायची सवय आता कुणाला आहे?

सगळं करूनही जमलं नाही तर सेटिंग्जमधला रीसेट वापरा. त्यात एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात, पण बुकमार्क, हिस्टरी आणि पासवर्ड राहतात.

मावसबहिणीने रात्री साडेअकराला नव्याने लॉगिन केलं. उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून अपलोड करायला आणखी वीस मिनिटं गेली, कारण फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी होती. त्याला मात्र ब्राउझर जबाबदार नव्हता.