गाळातला चंद्र

गाळ दिसला की उपसून बाहेर फेकावा, हा गृहस्थाश्रमातला साधा नियम. तो एका रसायनशास्त्रज्ञाने मोडला आणि जगाला एक नवे मूलद्रव्य मिळाले, त्याची ही हकिकत.

स्वीडनमध्ये ग्रिप्सहोम येथे गंधकाम्लाचा कारखाना होता. गंधक जाळावयाचे, त्याचा धूर शिशाने मढवलेल्या खोल्यांत कोंडून अम्ल करावयाचे, अशी तेथली रीत. फालूनच्या तांब्याच्या खाणीतले गंधक वापरले की मात्र खोलीच्या तळाशी तांबूस गाळ बसे. पहिल्या मालकाला तो सोमल वाटला. त्याने ते गंधकच वर्ज्य केले. पुढे बर्झेलियस आणि त्याचा स्नेही गान हे कारखान्यात भागीदार झाले. १८१७ साली गान ७२ वर्षांचा होता. त्या वयात हा गृहस्थ गाळ चिवडीत बसला, याचे मला फार कौतुक वाटते. २०० किलो गंधक जाळल्यावर हाती आला तो सुमारे ३ ग्रॅम गाळ!

तापवताच त्याला मुळ्यासारखा उग्र दर्प आला. तेव्हा हे टेल्युरियम, असे ठरवून बर्झेलियसने तसे कळवूनही टाकले. पण फालूनच्या खनिजात टेल्युरियमचा मागमूस लागेना. पठ्ठ्याने पुन्हा परीक्षा केली आणि १८१८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या मार्सेट या मित्राला लिहिले की आपली चूक झाली, हे द्रव्य नवेच आहे. टेल्युरियम हे नाव पृथ्वीवरून पडलेले. म्हणून याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून सेलेनियम म्हटले. या सेलेनियमच्या हायड्रोजनयुक्त वायूचा वाटाण्याएवढा बुडबुडा त्याने स्वतः हुंगून पाहिला. नाक काही तास असे बधिर झाले की तीव्र अमोनियाचाही वास येईना! शाळेत आम्ही मुलांना बजावतो ते उगाच नव्हे.

पुढे १८७३ साली विलोबी स्मिथने दाखवून दिले की उजेड पडला की सेलेनियममधून वीज अधिक सहज वाहते. मग त्याला मागणी आली. १९५९ साली निघालेल्या झेरॉक्स यंत्राच्या नळकांड्यावरही सेलेनियमचाच थर होता.

एवढे सेलेनियम आणावे कोठून? तेही तांब्याच्याच गाळातून. एल्किंग्टनने १८६५ साली विजेने तांबे शुद्ध करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. या रीतीत अशुद्ध पत्रा झिजतो, शुद्ध तांबे समोरच्या पत्र्यावर चढते आणि तळाशी काळसर गाळ साचतो. त्यात सोने, चांदी आणि सेलेनियम असते. चांदीला घट्ट धरून बसलेले हे सेलेनियम सुटावे कसे? गाळात तीव्र गंधकाम्ल कालवून तो भट्टीत भाजतात. चांदीचे सल्फेट होऊन ती मागे राहते. सेलेनियमचे ऑक्साइड मात्र वाफ होऊन उडते. ती वाफ पाण्यात धरतात. भाजताना निघालेला गंधकाचा धूरही त्याच पाण्यात शिरतो, ऑक्साइडातला प्राणवायू हिरावून घेतो, आणि हौदाच्या तळाशी पुन्हा तोच तांबडा गाळ बसू लागतो.