एकाच मोटारीला वेगवेगळे टायर : धोका कशात?

एखादा टायर निकामी झाला की हाती लागेल तो बसवून वेळ भागवली जाते. मात्र पुढच्या किंवा मागच्या जोडीतील दोन्ही टायर एकाच मापाचे, बांधणीचे आणि नक्षीचे असणे आवश्यक असते.

टायरच्या बाजूवर ‘१७५/६५ आर १४’ असा संकेत असतो. १७५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची टक्केवारीतील उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. त्याऐवजी ‘१८५/७० आर १४’ बसवल्यास त्याच रिमवर चाकाचा व्यास सुमारे ३१ मिलिमीटरने वाढतो. जोडीतील एकच टायर असा असल्यास दोन्ही चाके सरळ रस्त्यावरही कमी-अधिक फेरे घेतात. गाडी एका बाजूला ओढू लागते. इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या जोडीत डिफरन्शियलवर ताण येतो आणि एबीएस यंत्रणेचा अंदाजही चुकू शकतो.

रेडियल आणि जुन्या बांधणीचे ‘बायस’ टायर वळणावर वेगवेगळ्या प्रकारे वाकतात. म्हणून ते एकत्र वापरू नयेत.

दोनच नवे टायर घ्यायचे असल्यास ते मागे बसवावेत. मागची पकड आधी सुटल्यास ओल्या घाटरस्त्यावर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे कठीण जाते. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असणे कायद्याने बंधनकारक आहे. पावसाळ्यात मात्र त्याआधीच टायर बदलणे हिताचे. लहान मापाची स्टेपनी केवळ दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत, तिच्यावर छापलेल्या वेगमर्यादेतच चालवावी.