अब्बांची पेटी आणि हरवलेला 'आलम आरा'

परभणीच्या आमच्या घरात अब्बांची एक लोखंडी पेटी आहे. आत शंभरेक व्हीसीडी. शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरला की ते दोन-चार घेऊन यायचे. एका सीडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून ऐन रंगात उठून दुसरी लावावी लागे.

गेल्या ईदला भाचा म्हणाला, "मामू, नानांची ही अडगळ भंगारात देऊ. सगळं मोबाईलवर आहे की." मी त्याला अब्बांच्या आवडीचा एक सिनेमा लावायला सांगितला. वर्षापूर्वी तिथेच पाहिलेला तो सिनेमा आता नव्हता. प्रदर्शनाच्या हक्कांची मुदत संपली की सिनेमा उतरवला जातो. आपण वर्गणी भरतो ती पाहण्याची, मालकीची नव्हे.

पण वस्तू हाती असली म्हणजे वारसा टिकतो, असेही नाही. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, नायक मास्टर विठ्ठल, नायिका जुबेदा. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत आपल्या बोलपटांतले पहिले गाणे गायले. पारशी, मराठी, मुस्लिम अशा साऱ्यांच्या या कामाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र आजही पाहता येतो.

त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. तिच्यात चांदी असे, म्हणून कित्येक रिळे चांदीसाठी विकली गेली. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून रिळे गोळा केली. तोवर बरेच काही गेले होते. 2003 मध्ये पुण्यातल्या आगीत आणखी जुनी रिळे जळाली.

म्हणून प्रश्न सीडी की मोबाईल एवढाच नाही. प्रती किती, कुठे आणि सांभाळणारे कोण, हा आहे. भाच्याला बसवून पेटीतल्या सीडी दोन हार्डडिस्कवर उतरवल्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. अकरा सीडी चालल्याच नाहीत. त्यांतल्या एकीच्या कव्हरावर अब्बांनी उर्दूत अम्मीचे नाव लिहिले आहे. तीही पेटीत परत ठेवली.